टॉवरवाली टो बोट पावसाळ्यात कशी ठेवायची? कोयनेच्या काठावरून संपूर्ण माहिती

मोबाइलवर 'बोट स्टोरेज' असं शोधलं की ढीगभर व्हिडिओ येतात. जवळपास सगळे अमेरिका-कॅनडाचे. त्यात बर्फ पडत असतो, आणि एक माणूस इंजिनमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ ओतत असतो. आम्ही चुलत भावंडांनी मिळून जुनी टो बोट घेतली, तेव्हा असेच व्हिडिओ बघून ती पावसाळ्यासाठी बांधून ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये कव्हर उघडलं तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं.

म्हणून आजच्या लेखात आपण बघणार आहोत की आपल्या हवेत, म्हणजे साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यात, टॉवर असलेली बोट बंद हंगामात कशी ठेवायची. मी बामणोलीच्या बाजूचा आहे. इथल्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे सांगताना लाज नाही. लेख थोडा मोठा आहे, सेव्ह करून ठेवा.

टो बोट म्हणजे काय आणि टॉवर कशासाठी?

टो बोट म्हणजे ओढणारी बोट. हिच्या मागे दोरी बांधून वेकबोर्ड, स्की किंवा हवा भरलेली ट्यूब ओढतात. बहुतेक टो बोटींचं इंजिन बोटीच्या आतच बसवलेलं असतं. पाठीमागे मोठी लाट तयार व्हावी म्हणून वजन वाढवणाऱ्या पाण्याच्या टाक्या किंवा पिशव्या असतात, त्यांना बॅलास्ट म्हणतात.

टॉवर म्हणजे बोटीच्या मधोमध उभी असलेली पाइपांची कमान. ती बहुधा ॲल्युमिनियमची असते. दोरी खालच्या कडीऐवजी टॉवरच्या उंच टोकाला बांधली की ओढ वरच्या दिशेने मिळते, आणि बोर्डवरच्या माणसाला पाण्यातून वर यायला आणि उडी घ्यायला सोपं जातं. शिवाय स्पीकर, दिवे, बोर्ड ठेवायचे रॅक, उन्हासाठी कापडी छत असं सगळं त्यावरच लटकतं.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा. मागे ओढला जाणारा माणूस टॉवरच्या भरवशावर असतो. म्हणून टॉवर नीट ठेवणं हा शोभेचा विषय नाही.

आपल्याकडे 'हिवाळी साठवण' लागते का?

थोडक्यात उत्तर: नाही. आपल्याकडे पावसाळी साठवण लागते.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. थंड देशात इंजिनमध्ये राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि बीडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून ते लोक अँटीफ्रीझ भरतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेटीवर काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. पण तो पातळ थर असतो, सूर्य वर आला की जातो. त्याने इंजिन तडकत नाही.

उलट हिवाळा हा आपला धंद्याचा काळ. दिवाळीपासून लोक तापोळ्याला आणि बामणोलीला यायला लागतात, बोटीतून वासोट्याला जातात. मुनावळ्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं जलपर्यटन केंद्र २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून वेगवान बोटीही शिवसागरात जास्त दिसायला लागल्यात. बोट थांबते ती पावसाळ्यात. वासोटाही तेव्हा बंदच असतो.

कोकणातल्या कोळी बांधवांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि झाकून घेतात. याला 'नौका शाकारणं' म्हणतात. आपल्याला करायचं तेच आहे, फक्त बोट नवी आहे.

आमचं काय चुकलं?

पहिल्या वर्षी आम्ही तीन चुका केल्या.

१. टॉवर उभाच ठेवून कव्हर त्याच्या खालून ताणून बांधलं. टॉवरच्या पायांपाशी कापडाला चिरा होत्या, त्या चिकटपट्टीने बंद केल्या.
२. तळाचं बूच घट्ट लावून ठेवलं. 'पाणी खालून यायला नको' असा आमचा हिशोब. बोट जमिनीवर आहे आणि पाणी वरून येणार आहे, हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.
३. ट्रेलर गवतावर उभा केला. जुलैत त्याचं एक चाक चिखलात रुतलं आणि बोट मागच्या एका कोपऱ्याकडे कलली.

आता जरा आकडेमोड करू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. बोट ६ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद धरा, म्हणजे कव्हरचं क्षेत्र झालं १४.४ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत नवलाचा नाही. तेवढ्यात कव्हरवर १४४० लिटर पाणी पडतं, म्हणजे जवळपास दीड टन.

आता मोठा दिवस बघा. २२-२३ जुलै २०२१ च्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. आपल्या हिशोबाने एका बोटीवर साडेआठ हजार लिटर! साडेआठ टन वजन. कुठलंही कव्हर हे पेलणार नाही. त्यामुळे पाणी अडवायचं कसं हा विचार सोडून द्या. ते वाहून जाईल कुठून, एवढंच बघायचं.

हे आम्हाला शिकवलं गावातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याने. आमची बोट बघायला आबा आले, ताडपत्रीला पडलेली झोळी बघितली आणि म्हणाले, "आरं, घराला कौलं उतरती का घालतो आपण? मग हिला सपाट छप्पर कशापायी?" बास. अख्ख्या यूट्यूबवर आम्हाला हे एक वाक्य मिळालं नव्हतं.

पायरी १: जागा निवडणं

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे आणि धरणाचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं. मे संपताना शिवसागराचं पाणी खूप खाली गेलेलं असतं, काठ लांबवर उघडा पडतो. नवखा माणूस त्या उघड्या काठावर बोट लावतो, कारण पाण्यापासून ती चांगली लांब दिसते. पण जोराच्या पावसात जलाशय एका दिवसात काही फूट चढू शकतो. जूनमध्ये कोरडी असलेली जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते.

जागा बघताना हे तपासा:

• धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. बोट त्या रेषेच्या बरीच वर हवी.
• जमीन फरसबंदी, कातळ किंवा मुरूम टाकून दाबलेली असावी. शेतात आणि गवतावर नको.
• झाडाखाली नको. सावली बरी वाटते, पण वाऱ्यात फांदी पडते आणि पानांनी बूच तुंबतं.
• डोंगरउताराच्या पायथ्याशी आणि ओढ्याच्या वाटेत नको.

ट्रेलर रस्त्यावर आणायच्या आधी टॉवर दुमडा. ट्रेलरवर बोट चढली की उभ्या टॉवरचं टोक जमिनीपासून खूप वर जातं, आणि वाडी-वस्तीत विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. टॉवर धातूचा आहे. यात जीव जाऊ शकतो, म्हणून ही पायरी 'इथून तर इथे जायचंय' म्हणून टाळायची नाही.

पायरी २: बोट कलती ठेवणं आणि बूच काढणं

ट्रेलरचं पुढचं टोक जॅकने उचला, म्हणजे बोटीचं नाक वर आणि शेपूट खाली होईल. आता मागचं ड्रेन प्लग, म्हणजे बूच, काढून टाका. आत कितीही पाणी शिरलं तरी मागून गळून जाईल. भोकाला बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर आत घर करतात.

काढलेलं बूच कुठे ठेवायचं? बोटीच्या किल्लीला बांधून. ऑक्टोबरमध्ये बूच न लावता बोट पाण्यात उतरवणारे महाभाग दरवर्षी सापडतात. किल्ली हातात आली की बूचही हातात यायला हवं.

चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. शक्य असेल तर ट्रेलरची चौकट ठोकळ्यांवर घेऊन टायर जमिनीपासून वर उचला. ठोकळे सिमेंटचे भरीव घ्या. लाकडी घेतले तर वाळवी लागते. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा, कारण बोट उतरवताना ती पाण्यात बुडालेली असतात.

पायरी ३: इंजिन आणि पेट्रोल

• तेल आत्ताच बदला. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं. चार महिने ते इंजिनमध्ये ठेवलं तर आतले भाग गंजतात. 'हंगाम सुरू झाल्यावर बदलू' हा उलटा हिशोब आहे.
• पेट्रोलकडे लक्ष द्या. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून टाकी एकतर रिकामी करा, किंवा जवळपास भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाका आणि इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते औषध पुढच्या नळ्यांपर्यंत जाईल. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते.
• कोरडं इंजिन चालवू नका. जमिनीवर इंजिन चालवताना थंड पाण्याचा पाइप जोडलेला हवाच. पाणी ओढणारा पंखा, म्हणजे इंपेलर, रबराचा असतो. पाण्याविना तो बघता बघता जळतो.
• थंड करणारं पाणी काढून टाका. ब्लॉक आणि मॅनिफोल्डचे बोल्ट उघडून सगळं गळू द्या. आपल्याकडे कारण गोठण्याचं नाही. साचलेलं पाणी आणि गाळ आतून गंज आणतात.
• इंपेलर काढून ठेवा. एकाच जागी दाबून राहिला की त्याच्या पाकळ्या वाकड्या होतात.
• इंजिन चालू करायच्या आधी ब्लोअर चार-पाच मिनिटं चालवा. इंजिनच्या खणात पेट्रोलची वाफ साठते, ठिणगी पडली की भडका उडतो. हे काम बंद शेडमध्ये करू नका.

पायरी ४: बॅलास्टच्या टाक्या

बोटीत पाणी साचण्याची ही जागा सगळे विसरतात. पंपाने टाकी 'रिकामी' केली तरी तळाला थोडं पाणी उरतंच. त्यात चार महिन्यांत काय होतं? डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि तुमची बोट वस्तीला लागून उभी आहे. पिशव्या असतील तर बाहेर काढून उलट्या टांगा. पक्क्या टाक्या असतील तर पंप दोन-तीनदा चालवा, झाकण उघडून फडक्याने उरलेलं टिपून घ्या आणि तोंडावर जाळी बांधा.

पायरी ५: बॅटरी

तारा सोडवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा: वरून, दोन्ही बाजूंनी आणि स्विचचा. मग आधी ऋण तार, नंतर धन तार सोडवा. जोडताना उलट करायचं, आधी धन.

बॅटरी घरी आणा आणि कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. बारा व्होल्टची साधी बॅटरी पूर्ण चार्ज असते तेव्हा मल्टिमीटरवर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. महिन्यातून एकदा बघायचं, त्यासाठी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दर एक तारखेची आठवण लावून ठेवा. बोटीतच सोडलेल्या बॅटरीतून टॉवरचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर गुपचूप करंट खात राहतात, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी बऱ्याचदा परत उठत नाही.

पायरी ६: टॉवर

आता मुख्य मुद्दा. टॉवरचं काम मी पाच भागांत करतो.

१. सामान उतरवा. स्पीकर, रॅक, आरसा, कापडी छत. प्रत्येक तारेला रंगीत चिकटपट्टी लावा आणि सगळ्याचा एक व्हिडिओ करा, बोलत बोलत: 'ही लाल पट्टी डाव्या स्पीकरची.' चार महिन्यांनी तुमचाच आवाज तुम्हाला वाचवतो.

२. धुवा आणि वाळवा. साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ फडकं बास. खोबणीतली वाळू टूथब्रशने काढा.

३. सांधे तपासा. टॉवर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये ओलावा असला की बारीक विद्युत रासायनिक क्रिया सुरू होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसली तर तीच ही झीज. बोल्ट काढा, साफ करा, गंजरोधक पेस्ट लावून परत बसवा. वेल्डिंगच्या जागी केसाएवढी तडा आहे का, ते मोबाइलची टॉर्च तिरपी धरून बघा. समोरून टॉर्च मारली तर तडा दिसत नाही, तिरप्या उजेडात तिची सावली पडते.

४. दुमडायचा की उभा ठेवायचा? वर पक्की शेड असेल तर दुमडा. दोन-तीन जण लागतात. एकट्याने प्रयत्न करू नका, टॉवर जड असतो आणि बोटं सांध्यात सापडतात. टॉवर आणि काच यांच्यामध्ये जुनी गोधडी ठेवा. तारा सांध्यात चिमटत नाहीत ना, ते बघा.

५. शेड नसेल तर टॉवरलाच आढं करा. आबांचं वाक्य इथे कामाला येतं. टॉवर उभा ठेवा. त्याच्या माथ्यापासून पुढच्या टोकापर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत बांबू बांधा, म्हणजे घराच्या आढ्यासारखा कणा तयार होईल. त्यावरून एक सलग मोठी ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडा, बोटीच्या कडेच्या बाहेर वीतभर लोंबेल अशी. पाणी पागोळ्यांसारखं बाहेर पडलं पाहिजे. टॉवरच्या पायांसाठी कापडाला भोकं पाडू नका, भोक पाडलं की तिथूनच गळणार. पाइपांच्या कोपऱ्यांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर वाऱ्यात घासून ताडपत्री फाटते.

दोऱ्या ट्रेलरच्या चौकटीला बांधा. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर परत आवळा. आणि दोन्ही टोकं उघडी सोडा. सगळीकडून गच्च बांधलेल्या बोटीत हवा खेळत नाही आणि आत बुरशी येते. ओली राहण्यापेक्षा थोडी उघडी राहिलेली बरी.

पायरी ७: गाद्या आणि लाइफ जॅकेट

सीटच्या गाद्या निघत असतील तर घरी माळ्यावर न्या. निघत नसतील तर उभ्या करून ठेवा. सौम्य साबणाने पुसा, पूर्ण वाळवा. ब्लीच वापरू नका, शिवण कुजते. सिलिका जेलच्या छोट्या पुड्या टाकून उपयोग नाही. उघड्या बोटीत त्या चार दिवसांत ओल्या होतात.

लाइफ जॅकेट बोटीत दाबून ठेवू नका. सावलीत वाळवा आणि हँगरला टांगा. प्रत्येकाचे पट्टे दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. शिवण सुटली, बक्कल तडकलं किंवा आतला फोम कडक होऊन चुरला असेल तर ते जॅकेट बाद. 'कुणी पाहुणा आला तर देऊ' म्हणून ते ठेवायचं नाही, कापून टाकायचं.

मी एवढं का सांगतोय? आमच्याकडे पडणारा पाऊस कोयनेतून कराडला कृष्णेला मिळतो आणि पुढे सांगलीला जातो. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. तेव्हापासून लाइफ जॅकेट हातात घेतलं की मला ते गाव आठवतं.

सांगलीकडच्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्या गावात पुरासाठी ठेवलेली बोट असेल, तर तुमचा हिशोब आमच्या उलटा आहे. आमची बोट पावसाळ्यात झोपते, तुमची पावसाळ्यात जागी हवी. ती नोव्हेंबर ते मे उन्हात पडून असते. उन्हाने रबर आणि दोऱ्या कडक होतात, पेट्रोल जुनं होतं. म्हणून तिला सावलीत ठेवा, आणि मे महिन्यातच पाण्यात उतरवून इंजिन चालवून बघा. पूर आल्यावर पहिल्यांदा दोरी ओढून बघण्यात अर्थ नाही.

मोबाइलचा उपयोग कसा कराल?

• 'बोट' नावाचा एकच अल्बम करा. सगळे फोटो, व्हिडिओ आणि बिलं त्यातच. घरातल्या दोघांना शेअर करून ठेवा.
• कॅलेंडरमध्ये आठवणी लावा: २० मे रोजी बोट बाहेर काढणं, दर एक तारखेला बॅटरी, दर रविवारी ताडपत्री.
• हवामान विभागाचं 'मौसम' ॲप पावसाच्या इशाऱ्यासाठी ठेवा. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातल्या विजा दाखवतं. घेऱ्यात वीज दिसली तर टॉवरला हात लावायला जाऊ नका, ताडपत्री सुटली असली तरी.
• कोयनेच्या पाणीसाठ्याचे रोजचे आकडे बातम्यांमध्ये येतात, ते बघत राहा.
• बोटीजवळ राहणाऱ्या एका माणसाला आठवड्यातून एकदा फोटो पाठवायला सांगा. आमची पहिल्या वर्षीची बोट वाचली असती, जर जुलैत कुणी एक फोटो पाठवला असता.

ऑक्टोबरमध्ये बोट परत काढताना

पहिल्या वर्षाची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. पाणी उपसलं, बॅटरी नवी घातली, स्टार्टर दुरुस्त केला. पहिल्या कमाईचे पैसे त्यातच गेले. मग चाचणीसाठी बोट पाण्यात उतरवली. बोर्डवर माझा धाकटा चुलतभाऊ होता. मी स्टिअरिंगवर. वेग घेतला आणि डोक्यावर 'कट्' असा आवाज आला. टॉवर एका बाजूला हातभर कलला. मी लगेच इंजिन मंद केलं, त्याने दोरी सोडली, लाइफ जॅकेट होतं म्हणून तो निवांत तरंगत राहिला. कुणाला काही झालं नाही.

काठावर येऊन बघितलं. एका पायाच्या सांध्यात गाळ सुकून बसला होता. त्यामुळे पिन पूर्ण आत गेलीच नव्हती, वरून मात्र लागल्यासारखी दिसत होती. आम्ही गादी पुसली होती, स्पीकर लावून गाणी वाजवली होती, पण त्या चार पिनांना कुणी हात लावला नव्हता.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे:

१. बूच लावलं का? दोघांनी बघायचं.
२. टॉवरची प्रत्येक पिन आणि बोल्ट पान्याने घट्ट केला का? नजरेने नाही, हाताने.
३. ओढणारी दोरी नवी आहे का? धागे सुटले असतील तर ती बाद.
४. इंपेलर बसवला, बॅटरी जोडली, ब्लोअर चालवला का?
५. तळात साचलेलं पाणी काढणारा पंप चालतो का?
६. कागदपत्रं चालू आहेत का? अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार इंजिनवाल्या बोटींना तपासणी आणि नोंदणी लागते.
७. पहिली फेरी रिकामी मारायची. दुसऱ्या फेरीत टॉवरला दोरी बांधून मोकळी ट्यूब ओढायची. माणूस तिसऱ्या फेरीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोट पावसाळाभर पाण्यातच बांधून ठेवली तर?
वेगवान टो बोटीसाठी नको. पाणी चढतं तशा दोऱ्या रोज सैल कराव्या लागतात, वाहून आलेले ओंडके आदळतात, आणि पावसाचं पाणी उपसणारी बॅटरी उतरली की बोट जागच्या जागी बुडते.

अँटीफ्रीझ घालायचं का?
आपल्याकडे गरज नाही. पाणी पूर्ण काढून टाकणं पुरेसं आहे.

प्लास्टिकने गुंडाळून टाकली तर चालेल का?
नको. आतली वाफ बाहेर जात नाही. ती कोरड्या, थंड हवेची पद्धत आहे.

टॉवर पूर्ण काढून घरी नेला तर?
नेता येतो, पण परत बसवताना बोल्ट योग्य जोर लावून आवळायला हवेत. सवयीचा मेकॅनिक नसेल तर दुमडणं किंवा आढं करणं बरं.

शेवटी एवढंच

मृग लागायच्या आत बोट वर हवी, नाक वर हवं, बूच किल्लीला हवं आणि छप्पर उतरतं हवं. या वर्षीही आमची बोट अशीच उभी होती. सप्टेंबरअखेर ताडपत्री काढली तेव्हा आत एक पाल आणि मूठभर पानं निघाली, बाकी सगळं कोरडं. आबा येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, पण टॉवरच्या पिना मात्र त्यांनी एकेक करून हाताने हलवून बघितल्या. तुम्हीही तेवढं कराच.